कोलाडच्या कुंडलिकेवरील राफ्टिंग: सेवा, पाणी आणि सुरक्षितता

रायगड जिल्ह्यातील कोलाड परिसरात कुंडलिका नदीवर चालणारे राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या होडीतून (राफ्टमधून) वल्ही मारत नदीचे खळाळ उतरणे, मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतील लोकांना एका दिवसात करून परत येता येते. मुंबईहून महामार्गाने सुमारे 120 किलोमीटर आणि पुण्याहून मुळशी-ताम्हिणीच्या घाटरस्त्याने साधारण तेवढ्याच अंतरावर हा पट्टा येतो. कोलाडहून भिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत या सेवेच्या पाट्या एकामागून एक दिसू लागतात. या पट्ट्यावर एकाहून अधिक संस्था काम करतात, सर्वांची नदी एकच, पाणी सुटण्याची वेळ एकच आणि उतरण्याचा भागही थोड्याफार फरकाने तोच आहे. त्यामुळे पुढील परीक्षण मुख्यतः या नदीवर मिळणाऱ्या सेवेचे आहे. अनुभव उत्तम आहे आणि घेण्यासारखा आहे, हे माझे मत प्रथमच नोंदवतो. मात्र राफ्टच्या मागच्या टोकाला बसणारा गाईड कोण आहे आणि त्याची संस्था नदीत उतरण्यापूर्वीचा अर्धा तास कसा वापरते, यावर त्याचा दर्जा जवळजवळ पूर्णपणे अवलंबून राहतो.

आधी पाण्याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक पर्यटकांना ते माहीत नसते आणि वेळापत्रकावरून होणारे सगळे वाद तिथूनच सुरू होतात. कोकणातील नद्या लहान आणि उताराच्या असतात, पावसाळा संपला की त्यांचे पात्र आटत जाते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत खडकांमधून वाहणारी एखादी धार तेवढी उरते. कुंडलिका याला अपवाद आहे. ऐन मे महिन्यातही तिच्यात राफ्ट तरंगते, कारण तिच्यात येणारे पाणी घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणाचे आहे. मुळा नदी मुळात पूर्वेकडे वाहणारी. तिचे पाणी मुठा, भीमा आणि कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळणारे. मुळशीला धरण बांधून ते अडवण्यात आले आणि बोगद्यातून व मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथील टाटांच्या वीजगृहात आणण्यात आले. हे वीजगृह 1927 मध्ये सुरू झाले. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी खालच्या बाजूला पुन्हा अडवले जाते, राज्याच्या 80 मेगावॅटच्या केंद्रात त्यावर आणखी एकदा वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेच्या पात्रात येते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून त्यातले काही कालव्यांकडे वळते, उरलेले रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीकडे जाते आणि कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी अरबी समुद्राला मिळते.

राफ्टिंग करणाऱ्याने हा प्रवास लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते. ज्या धरणाच्या पाण्यावर आपण आनंद लुटतो, त्या धरणासाठी मुळशी पेट्यातील गावे आणि भातखाचरे बुडाली, आणि त्याविरुद्ध 1921 पासून शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरणामुळे उठलेल्या लोकांचा हा भारतातील अगदी आरंभीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोलाडला उतरणारा प्रत्येक जण या जलाशयाच्या काठाने येतो. राफ्टिंगच्या ठिकाणी नदीची ओळख करून देताना गाईड खडकांची आणि खळाळांची माहिती देतात. तिथे या इतिहासाची चार वाक्ये जोडली, तर ती ओळख पूर्ण होईल. आम्हाला ती कोणी सांगितली नाही, आणि ही उणीव भरून काढायला एक पैसाही खर्च होणार नाही.

वेळापत्रकाचा संबंध थेट या व्यवस्थेशी आहे. पाणी कधी सोडायचे हे विजेच्या मागणीनुसार ठरते, राफ्टिंगवाल्यांच्या सोयीनुसार ठरत नाही. सहसा ते सकाळी सुटते, खालच्या पट्ट्यात पोचायला त्याला वेळ लागतो आणि म्हणून पर्यटकांना सकाळी लवकर हजर राहण्यास सांगितले जाते. एखाद्या दिवशी पाणी उशिरा सुटले, कमी सुटले किंवा सुटलेच नाही, तर कोणतीही संस्था काही करू शकत नाही. येथे तक्रारीला जागा एवढीच आहे, की आगाऊ पैसे घेताना बहुतेक ठिकाणी ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली जात नाही. पाणी न आल्यास पैसे परत मिळतील, की दुसरी तारीख मिळेल, हे आरक्षणाच्या संदेशात लिहिलेले असले पाहिजे. आम्ही ते फोनवर विचारून घेतले आणि उत्तर लेखी पाठवण्याची विनंती केली, तेव्हा ते लगेच मिळाले. विचारल्याशिवाय मिळाले नसते, हेही खरे.

आम्ही उन्हाळ्यात, सुटीचा वार टाळून गेलो होतो. बरोबर माझी थोरली बहीण आणि तिची कॉलेजात नुकतीच गेलेली मुलगी होती. तिघांपैकी पोहता येते ते फक्त भाचीला. पोहता न येणाऱ्यांनाही येथे घेतात आणि त्यात गैर काही नाही, कारण वाहत्या पाण्यात पोहण्याच्या कौशल्यापेक्षा नीट बांधलेले लाइफ जॅकेट अधिक उपयोगी पडते. वयाची किमान अट सर्वसाधारणपणे 14 वर्षांची असते. हृदयविकार, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर उतरू नये, असे माहितीपत्रावर छापलेले होते. त्या पत्रावर सही घेणाऱ्या मुलीने प्रत्येकाला तोंडी विचारलेही, ही बाब मला महत्त्वाची वाटली. सही घेणे सोपे असते. समोरच्या माणसाकडे पाहून विचारण्यासाठी वेळ काढावा लागतो.

लाइफ जॅकेट बांधण्याच्या पद्धतीवरून संस्थेची पारख करता येते, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो. आमच्या गाईडने प्रथम सर्व पट्टे सैल केले, मग खालचा, कमरेजवळचा पट्टा ओढला आणि त्यानंतर क्रमाने वरचे. सगळे बांधून झाल्यावर त्याने बहिणीच्या जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचलून पाहिले. जॅकेट तिच्या कानापर्यंत आले. “ताई, पाण्यात हे असंच डोक्यावरून निघून जाईल,” असे म्हणून त्याने ते पुन्हा उघडले, लहान मापाचे आणले, बांधले आणि परत उचलून पाहिले. या वेळी जॅकेटबरोबर ताईच टाचांवर उचलली गेली. “श्वास घ्यायला अडचण नाही ना? मग ठीक.” तीच काळजी त्याने हेल्मेटबाबत घेतली, हनुवटीखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहत नाही हे पाहिले आणि भाचीला केसांचा अंबाडा सोडून खाली वेणी घालायला सांगितली, कारण अंबाड्यामुळे हेल्मेट कपाळावर उतरत होते. त्याच काठावर दुसऱ्या एका गटातील मंडळी मात्र जॅकेटचे पट्टे लोंबकळत ठेवून छायाचित्रे काढत होती, आणि त्यांना हटकणारे कोणी नव्हते. दोन्ही गटांनी पैसे बहुधा सारखेच मोजले असतील.

यानंतरच्या सूचना काठावरच्या सपाट जागेत, राफ्टमध्ये प्रत्यक्ष बसवून दिल्या गेल्या. राफ्टच्या कडेच्या फुगीर नळीवर बसायचे, पाऊल आतल्या आडव्या नळीखाली रुतवायचे, वल्ह्याच्या वरच्या टोकाची आडवी मूठ कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाही. या शेवटच्या सूचनेमागचे कारण त्याने सांगितले आणि ते पटले: राफ्टमधल्या बऱ्याचशा जखमा खडकांमुळे होत नाहीत, शेजाऱ्याच्या सुटलेल्या वल्ह्याची मूठ तोंडावर बसल्याने होतात. पाण्यात पडलो तर पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पायांची बोटे पाण्यावर दिसतील अशी ठेवायची. उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करायचा नाही, पाणी गुडघ्याएवढे असले तरी नाही, कारण तळाच्या दोन दगडांमध्ये पाऊल अडकले की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे पाडून पाण्याखाली दाबून धरतो. फेकलेली दोरी हाताला लागली की दोरीच धरायची, खांद्यावरून घ्यायची, मनगटाला गुंडाळायची नाही. राफ्ट खडकावर आदळून अडकली तर घाबरून खडकापासून दूर झुकण्याची आपली स्वाभाविक प्रवृत्ती असते. तिथे उलट खडकाच्या बाजूला झुकायचे, नाहीतर वरून येणारे पाणी राफ्टची दुसरी कड दाबते आणि ती उलटते. हे सगळे त्याने मराठीत सांगितले, फक्त हुकूम इंग्रजीत ठेवले, “फॉरवर्ड”, “बॅक”, “गेट डाउन”. आणि ते आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतले की बहिणीने शेवटी “आता पाण्यात चला की रे बाबांनो” असे म्हटले. त्याने हसून आणखी एकदा करून घेतले. मी त्याच्या बाजूने आहे.

राफ्टिंगचा पट्टा सुमारे 12 ते 14 किलोमीटरचा आहे आणि तो उतरायला साधारण दोन-अडीच तास लागतात. खळाळांची प्रतवारी जगभर एक ते सहा अशी केली जाते. कुंडलिकेचे रॅपिड, म्हणजे हे खळाळ, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीत मोडतात. म्हणजे लाटा ठळक असतात, खडक चुकवण्यासाठी राफ्ट वळवावी लागते, पण मार्ग मोकळा असतो आणि प्रत्येक रॅपिडनंतर संथ पाणी मिळते. ऋषिकेशच्या गंगेवर जाऊन आलेल्यांना कुंडलिका अरुंद वाटेल, आणि ती आहेच. पण अरुंदपणाचा एक फायदा आहे. गंगेच्या विस्तीर्ण पात्रात काठ दूर राहतो, तर येथे दोन्ही बाजूंची झाडी जवळून सरकत जाते, वळण आले की पुढचे काहीच दिसत नाही, आणि खळाळाचा आवाज मात्र आधीच कानावर येतो. पट्ट्याचा पहिला भाग सर्वांत जोमदार आहे. तिथे रॅपिड इतके जवळजवळ येतात, की एकातून बाहेर पडून राफ्ट सरळ करेपर्यंत दुसरे समोर उभे राहते. राफ्टच्या तळाला कडेने भोके असतात आणि आत आलेले पाणी त्यातून आपोआप निघून जाते, त्यामुळे पाणी उपसत बसावे लागत नाही. पण कमरेपर्यंत भिजणे अटळ आहे. पाणी गार असते. वैशाखाच्या उन्हातही पहिली लाट अंगावर आली की श्वास अडकतो.

या नदीत खडकांपेक्षा झाडांपासून जपावे लागते, हे मला येथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. काठावरची वाळुंज, करंज आणि उंबराची झाडे पाण्यावर झुकलेली आहेत आणि पाणी वाढले की त्यांच्या खालच्या फांद्या प्रवाहात जातात. पाणी फांद्यांमधून निघून जाते, माणूस मात्र गाळणीत अडकावा तसा अडकतो. म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे प्रवाह राफ्टला झाडांकडे ओढत नेतो, तिथे आमचा गाईड फार आधीपासून वल्ही मारून घेत होता, तेव्हा समोर काहीच धोका दिसत नव्हता. अनुभवी माणूस नदी वाचतो म्हणजे काय करतो, हे अशा वेळी दिसते: तो लाटेकडे पाहत नसतो, त्या लाटेनंतरच्या वळणाकडे पाहत असतो. पुढे एक जण कयाकमधून, म्हणजे छोट्या, अरुंद होडीतून, चालला होता. प्रत्येक रॅपिड तो आमच्या आधी उतरून खालच्या संथ पाण्यात तोंड आमच्याकडे करून थांबत असे, कोणी पडले तर उचलायला. कोणी पडले नाही, तरी त्याने एकाही ठिकाणी थांबणे टाळले नाही. आरक्षण करताना सोबत सुरक्षा-कयाक असते का, हा प्रश्न जरूर विचारावा आणि “गरज पडत नाही” असे उत्तर आल्यास दुसरी संस्था पाहावी.

उत्तरार्ध संथ आहे. काहींना तो कंटाळवाणा वाटतो. पट्ट्याची जाहिरात केवळ उसळत्या लाटांच्या छायाचित्रांवर चालत असल्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. मला तो आवडला. येथे गाईडच्या परवानगीने पाण्यात उतरून, राफ्टची दोरी धरून किंवा सोडून, प्रवाहाबरोबर वाहत जाता येते, आणि पोहता न येणाऱ्या माझ्या बहिणीने आयुष्यात प्रथमच स्वतःचे वजन पाण्यावर सोपवले ते याच ठिकाणी. खंड्या एका फांदीवरून दुसरीकडे जाताना दिसतो, पाणकावळे खडकावर पंख वाळवत बसलेले असतात. एवढ्यात मागून येणाऱ्या राफ्टमधून कोणी वल्ह्याने पाणी उडवू लागले की ही शांतता संपते. सुटीच्या दिवशी तर ती मिळतच नसावी, कारण तेव्हा काठावर राफ्टची रांग लागते.

आता ज्या बाबी सुधारायला हव्यात त्यांविषयी. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची सोय उतरण्याच्या ठिकाणी जवळजवळ नाही. ताडपत्रीचा आडोसा म्हणजे सोय नव्हे. इतक्या वर्षांपासून चालणाऱ्या आणि माणशी बऱ्यापैकी पैसे घेणाऱ्या व्यवसायात दोन पक्क्या खोल्या आणि वाहते पाणी असणे ही किमान अपेक्षा आहे. राफ्ट वाहून नेणाऱ्या गाड्यांमधून पर्यटकांना दाटीवाटीने नेले जाते आणि नदीवर काटेकोर पाळली जाणारी शिस्त रस्त्यावर दिसत नाही. काठावर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पडलेल्या असतात. आमच्या गाईडने तरंगत्या दोन बाटल्या उचलून राफ्टमध्ये टाकल्या, पण ते काम एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर सोडण्यासारखे राहिलेले नाही. नदीकाठच्या तंबूंच्या मुक्कामात रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक वाजतात. ज्यांना राफ्टिंगसाठी आदल्या रात्री राहायचे आहे, त्यांनी ध्वनिवर्धक नसलेली जागा विचारून घ्यावी, अन्यथा सकाळी झोपमोड झालेल्या अंगाने नदीत उतरावे लागते. जेवण साधे आणि चांगले होते: तांदळाची भाकरी, कोलीम किंवा सुक्या मासळीची चटणी मागितली तर मिळते, शाकाहारी ताटात वालाचे बिरडे होते.

एक गोष्ट मात्र सेवेच्या बाहेरची असूनही लिहिणे कर्तव्य वाटते. पाणी सुटण्याआधी कुंडलिकेचे पात्र उथळ आणि निरुपद्रवी दिसते. सहलीला आलेली मंडळी मधल्या खडकांवर जाऊन बसतात, मुले डबक्यांत खेळतात. आकाश निरभ्र असते, पावसाचा मागमूस नसतो आणि तरीही वरून सुटलेले पाणी येऊन पात्र भरते. जे राफ्टिंग करणार नाहीत, केवळ सोबत आलेले आहेत, त्यांनी या पात्रात उतरू नये. संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी उतरण्याच्या वाटांवर ठळक मराठीत तसे फलक लावावेत. आम्हाला वाटेत दिसलेल्या फलकांवर जाहिरातीच अधिक होत्या.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात गर्दी सर्वाधिक असते, कारण डोंगर हिरवे होतात, धबधबे सुरू होतात आणि नदीला जोर येतो. परंतु याच काळात धरणाच्या पाण्यात घाटातून येणाऱ्या ओढ्यांचे पाणी मिसळते, आणि ते कोणाच्याही नियंत्रणात नसते. अतिवृष्टीत रोह्याजवळ कुंडलिका धोक्याची पातळी ओलांडते, तेव्हा राफ्टिंग बंद ठेवले जाते आणि ठेवलेच पाहिजे. अशा दिवशी “आम्ही नेतो” म्हणणाऱ्यापेक्षा “आज नको” म्हणणारी संस्था निवडावी. प्रथमच जाणाऱ्यांना मी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सुचवेन: पाणी पुरेसे, हवा निर्मळ, आणि वाहनांची रांग थोडी कमी. थंडीत सकाळच्या पाण्याने हुडहुडी भरते, म्हणून सुती कपडे टाळून लवकर वाळणारे कपडे घालावेत. पायात पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट हवेत. चपला पहिल्या लाटेतच जातात. चष्मा असल्यास दोरीने बांधून घ्यावा, मोबाइल काठावर ठेवावा.

राज्य शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि जमीन, पाणी व हवा या तिन्ही ठिकाणी साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. ग्राहकाच्या हातात आज हेच सर्वांत उपयोगी साधन आहे. आरक्षणापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे, गाईडचे प्रथमोपचाराचे आणि जलबचावाचे प्रशिक्षण झाले आहे का, विमा कोणाचा आणि किती, हे विचारावे. नोंदणीकृत आणि नीट चालणारी संस्था ही माहिती देताना खळखळ करत नाही. दरातला दोन-तीनशे रुपयांचा फरक पाहून निवड करू नये, कारण तो फरक बहुधा सुरक्षा-कयाक नसण्यातून, जुन्या जॅकेटांतून किंवा एका राफ्टमध्ये जास्त माणसे बसवण्यातून निघतो. एका राफ्टमध्ये गाईड सोडून आठ ते दहा माणसे ही मर्यादा समजावी आणि त्याहून अधिक बसवत असल्यास काठावरच नकार द्यावा. शनिवार-रविवार टाळता येत नसेल, तर पहिल्या तुकडीतली जागा मागून घ्यावी. त्या वेळी पाणी भरात असते, गाईड ताजेतवाने असतात आणि लाइफ जॅकेटही कोरडे व आपल्या मापाचे मिळते.